उसनी आत्या

सिंधूअक्का चौधरी बाळाचं नाव ठरण्याआधी ते गच्चीवरून ओरडून बघतात. जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत हे आता कोणाला नवीन नाही. संध्याकाळी मुलं शिकवणीहून परतली की अक्का गच्चीचा कठडा धरून उभ्या राहतात, श्वास भरून घेतात आणि अजून कोणाचंही नसलेलं एक नाव कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या दिशेने सोडतात. बाळाचे आईवडील खाली रस्त्यावर उभे असतात. कोण बाहेर येतं ते बघत.

आमच्या समोरच्या हर्षल आणि पूजाला मुलगा झाला तेव्हा त्यांनी आधी ‘विवान’ आणलं. अक्कांनी हाक मारली. डावीकडच्या घरातून एक मुलगा तोंडात पोळी धरून बाहेर आला. उजवीकडच्या घराच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "येतोय हो, आंघोळीला बसलाय!"

"रिजेक्ट," अक्का वरून म्हणाल्या. "एका हाकेत दोन निघाले. तिसरा आणता कशाले?"

दुसऱ्या दिवशी जोडप्याने बरीच शोधाशोध करून ‘क्षितिजांश’ आणलं. इंटरनेटवर अर्थासकट मिळालं होतं. अक्कांनी ते पूर्ण ताकदीने म्हटलं. कोणत्याही घराचं दार उघडलं नाही. गिरणीवाला रमेश मात्र पिठाचे हात तसेच घेऊन पळत आला.

"काय झालं अक्का? पडल्या का?"

अक्कांनी खाली पूजाकडे बघितलं. "पोराचं नाव घेतलं तं मानूस मदतीले येऊ राह्यला. रिजेक्ट."

तिसऱ्या दिवशी ‘ईशान’ आलं. कॉलनीत कोणी हललं नाही. हाक गिरणीपर्यंत स्वच्छ पोचली आणि रमेशने नुसती मान वर करून बघितली. "पास," अक्का म्हणाल्या आणि दिवाबत्ती करायला आत गेल्या.

पास आणि रिजेक्ट हे शब्द त्यांच्या नोकरीतले आहेत. वरणगावच्या कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या. तयार झालेला प्रत्येक भाग मापात घालून बघायचा. बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा. थोडक्यात चुकला असेल तर ‘रीवर्क’. निवृत्तीनंतर हे शब्द त्यांच्याबरोबर घरी आले आणि कॉलनीत पसरले. भाजीवाल्याची मेथी रीवर्कला जाते. एका स्थळाला त्यांनी नुसतं चहा पिताना बघून रिजेक्ट केलं होतं, आणि मुलीच्या वडिलांनी ते मानलं होतं. अक्कांचे यजमानही त्याच कारखान्यात होते. ते गेल्यावर अक्का पिंप्राळ्याला आल्या. त्यांना मूलबाळ नाही.

गच्चीवरची हाक ही पहिलीच चाचणी. ती पार केल्यावर आणखी असतात. एक रागाची. "पोरगं नवी छत्री हरवून आलं असं समज आणि हाक मार." पूजाने पदर सावरत "ईशान" म्हटलं. अक्का म्हणाल्या, "असा राग असतो का? नवऱ्यावर वरडते तशी वरड." ती चाचणी पूजा लगेच पास झाली. एक चाचणी केळ्याची. अक्का मूळच्या सावद्याच्या, केळी पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात घड कायम टांगलेला असतो. आईने तोंडात केळं घेऊन नाव म्हणायचं, कारण आया अर्ध्या हाका जेवताजेवता मारतात. मग आबांची चाचणी. "साठ वर्षांनी याच्या नावामागं आबा लागन. लावून पहा." त्यांनी स्वतः लावून दाखवलेलं ‘कियांश आबा, गोळी घेतली का?’ हे वाक्य ऐकून एका कुटुंबाने छापलेली आमंत्रणपत्रिका रद्द केली.

शेवटची चाचणी त्या स्वतः घेतात. डोळे मिटतात आणि नाव अगदी हळू पुटपुटतात. तापात पडलेल्या पोराला उठवावं लागतं, ते ओरडून उठवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. या चाचणीचा निकाल त्या मोठ्याने सांगत नाहीत. फक्त मान हलवतात.

मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंचं पान बरीच वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे या विषयात मलाही थोडी माहिती आहे. आईवडील दोन प्रकारचे असतात. एकांना सगळ्यांसारखं नाव हवं असतं, पण ते तसं कबूल करत नाहीत. दुसऱ्यांना कोणाचंच नसलेलं नाव हवं असतं आणि ते सगळे मिळून एकच नाव शोधून काढतात. काही वर्षांपूर्वी आमच्या पानावर एकाच दिवशी इतके रियांश आले की फोटोखालच्या ओळी कोणाच्या कोणाला लागल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. घरच्यांचा एकही फोन आला नाही.

अक्कांचा नियम या दोन्हींच्या मधला आहे. गल्लीत दुसरा नको, तालुक्यात एखादा तरी असावा. दुसरा असला तर पोराला हाक आपली की त्याची हे कळत नाही. कोणीच नसला तर पोराचा जन्म नाव समजावून सांगण्यात जातो. "येगळं नाव पाहिजे, येगळं नाव पाहिजे," त्या आईवडिलांची नक्कल करत म्हणतात. "येगळं कोनापासून? आणि त्यानं काय केलं तुमचं?"

राशीच्या अक्षराचं त्यांच्यापुढे चालत नाही. कॉलनीच्या तोंडाशी एका मारवाडी कुटुंबाचं किराणा दुकान आहे. दुकानदार सुगनजींच्या नातवाला पत्रिकेत ‘ठ’ आलं. घरातल्या सगळ्यांनी आठवडाभर विचार केला. शेवटी सुगनजी अक्कांकडे आले.

"अक्का, ठ से कुछ बताओ. ठाकूर के आगे गाडी नहीं जा रही."

"शेटजी, पत्रिकेत जे आलं ते पत्रिकेत राहू द्या," अक्का म्हणाल्या. "तुमच्या दुकानात माल कंपनीच्या नावानं येतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच नावानं मांगते. चालू राह्यलंय ना?"

सुगनजींना हे पटलं. मुलाचं नाव पारस ठेवलं गेलं. ‘ठ’ कपाटात आहे.

पण अक्कांचं खरं काम नाव तपासण्याचं नाही. ते आत्या होण्याचं आहे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा. आता घराघरात एकच मूल. तो एकुलता मुलगा मोठा होऊन बाप होतो आणि पाळण्यापाशी सगळे एकमेकांकडे बघतात: आत्या कोण? एखादी चुलत बहीण असते, ती पुण्याला असते आणि तिला रजा नसते. अक्का पिंप्राळ्याला आल्या त्याच वर्षी शेजारी असाच पेच पडला. बाळ रडत होतं, पाहुण्यांना पानातली वरण-बट्टी गार होण्याची काळजी होती आणि बायका ‘मी कशी, मी तर मामी’ असं म्हणत मागे सरत होत्या. अक्का जेवायला आल्या होत्या. त्या उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "सरका. मी होते आत्या."

तेव्हापासून कॉलनीतल्या आणि पलीकडच्याही बारशांना त्या उसन्या आत्या म्हणून जातात. साडी घेत नाहीत. घुगऱ्या मात्र मूठभर मागून घेतात. अट एकच: नाव आधी तपासायला द्यायचं. आयत्या वेळी सांगितलेलं नाव त्या कानात घालत नाहीत. आणि एकदा ठरलेलं नाव त्या अक्षरही न बदलता सांगतात. एका घरी आजोबांनी त्यांना बाजूला घेऊन, सूनबाईंनी ठरवलेलं नाव सोडून कुलदैवताचं नाव कानात सांगा, अशी विनंती केली. अक्का एरवी मोठ्याने बोलतात. तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या, "आबा, ते पाप मले नका सांगू." आणि पाणी मागितलं.

आजोबांना वाटलं, अक्का तत्त्वाच्या पक्क्या आहेत. मलाही तेच वाटलं होतं.

खरी गोष्ट धुळ्याला होती. अक्कांचा धाकटा भाऊ वसंतराव धुळ्याला राहतो. अक्का एवढ्या बारशांना जातात, पण भाऊबीजेला कुठे जात नाहीत आणि त्यांच्याकडेही कोणी येत नाही. वसंतराव अधूनमधून फोन करतो. त्याच्या फोनमागे नेहमी ‘कोथिंबीर, कोथिंबीर’ असा आवाज असतो, कारण तो भाजी आणायला बाहेर पडला की फोन करतो. घरातून करत नाही.

एकदा फोन ठेवल्यावर अक्का मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या योगेशले पोरगी झाली." योगेश म्हणजे वसंतरावचा एकुलता मुलगा. मी अभिनंदन केलं. मग म्हटलं, "म्हणजे योगेशला बहीण नाही. तिथे आत्या लागेल."

"लागन ना," अक्का म्हणाल्या. "कोनी उसनी भेटन धुळ्यात."

मग त्यांनी सांगितलं. तीसेक वर्षांपूर्वी या योगेशच्या बारशाला सख्खी आत्या म्हणून त्या धुळ्याला गेल्या होत्या. त्यांची भावजय मंदाताई तेव्हा शाळेत मराठी शिकवत होती. तिने मुलाचं नाव ‘आर्जव’ ठरवलं होतं. कित्येक महिने मनात धरून ठेवलेलं, कोणाचंच नसलेलं नाव. अक्का पाळण्यावर वाकल्या, कानात कुर्र केलं, आणि सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "योगेश!"

सावद्याची सगळी जुनी मंडळी हजर होती. त्यांना आर्जव म्हणता येत नव्हतं, योगेश म्हणता येत होतं. आत्याच्या तोंडून निघालं ते नाव, असा तिथल्या तिथे निवाडा झाला. मंदाताईने बाळ उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. पुढचा कार्यक्रम झालाच नाही. पाहुणे जेवून गेले. त्यानंतर त्या घरातून अक्कांना कशाचंच बोलावणं आलं नाही. योगेशच्या लग्नाची पत्रिका आली, ती टपालाने.

"पण नाव का बदललं?" मी विचारलं.

अक्कांनी घडातलं एक केळं तोडलं आणि माझ्या हातात दिलं.

पुढच्याच रविवारी त्यांच्या दाराशी एक मोटारसायकल थांबली. मी तेव्हा त्यांच्याकडेच बसलो होतो. तिशी ओलांडलेला, किंचित टक्कल पडायला लागलेला एक माणूस हेल्मेट काढून उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, मी योगेश."

बारशानंतर अक्कांनी त्याला लग्नाच्या पत्रिकेतल्या फोटोतच बघितलं होतं. त्या खुर्चीवरून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग म्हणाल्या, "हात धू. जेवू घालते."

योगेश मोकळा माणूस निघाला. जेवताना त्याने आपल्या नावाची हकिकत सांगितली. वर्गात सरांनी ‘योगेश’ म्हटलं की अर्धा बाक उभा राहायचा. तो ‘चष्म्याचा योगेश’ होता. घरी आई त्याला अजूनही आर्जव म्हणते, वडील काहीच म्हणत नाहीत, नुसतं ‘अरे’ म्हणतात. "आता सवय झालीय. कोणी हाक मारली की मी आधी दुसरा कोणी वळतो का ते बघतो. कोणी नाही वळलं तर मी वळतो."

अक्कांनी ताटातली भाकरी मोडली ती मोडतच राहिल्या.

"आईने पाठवलंय मला," योगेश म्हणाला. "पोरीच्या बारशाला तू यायचं. सख्खी आजेआत्या असताना बाहेरची नको, असं तीच म्हणाली."

"मंदा म्हनली?"

"हाव. पण तिची एक अट आहे." तो अडखळला. "नाव आम्ही ठरवलंय. ते तुला आधी सांगायचं नाही. पाळण्यापाशी आई तुझ्या कानात सांगेल, आणि तू तेच सांगायचं. तेच."

ज्या बाईने कॉलनीत एकही नाव मापात घातल्याशिवाय पाळण्यापर्यंत जाऊ दिलं नव्हतं तिला ही अट होती. मी अक्कांकडे बघितलं. योगेशही बघत होता.

"कबूल," अक्का म्हणाल्या. "सांग तुझ्या मायले, कबूल हाये."

योगेश गेला आणि अक्का घाबरल्या. मी त्यांना घाबरलेलं तेव्हाच पाहिलं. अडचण स्पष्ट होती. नाव काय असेल सांगता येत नव्हतं, आणि नाव पसंत नसलं की अक्कांचा चेहरा लपत नाही. नाकाच्या बाजूला एक सुरकुती पडते आणि उजवी भुवई वर जाते. मंदाताईला तेवढं पुरलं असतं.

म्हणून सराव सुरू झाला. मी पानावर बघितलेली नावं एकेक करून म्हणायचो आणि अक्कांनी चेहरा न हलवता ती परत म्हणायची.

"झियाना."

"झियाना." भुवई वर.

"भुवई, अक्का."

"अजून म्हना."

"कियांशी."

"कियांशी." सुरकुती.

"रुद्विका."

"रुद... भाऊ, हे तुम्ही बनवू राह्यले."

"छापलंय मी."

"मंग तुमच्या पेपरले काय म्हनायचं," अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा सुरुवातीपासून बसल्या. पूजाही ईशानला मांडीवर घेऊन येऊन बसायची आणि तिला मैत्रिणींकडून कळलेली नावं सुचवायची. रमेश गिरणीवाल्याने त्याच्या बायकोच्या माहेरचं एक नाव सांगितलं. ते ऐकून मलाच हसू आवरलं नाही, पण अक्कांनी ते दगडासारख्या चेहऱ्याने म्हटलं. आठवडा संपता संपता त्या तयार झाल्या होत्या. त्या दिवसांत गच्चीवरून एकही हाक गेली नाही. एका घरचं बाळ नावासाठी थांबून राहिलं होतं. अक्कांनी त्यांना "धुळ्याहून आल्यावर" असं सांगितलं.

जायच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमी चला संगं."

"मी कशाला? बायकांचा कार्यक्रम."

"साक्षीदार पाहिजे. मी काय सांगितलं ते नीट ऐकनारा. पेपरवाला असला तं मंदा मानन."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या ऐकण्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता. मी गेलो.

एसटीत अक्का खिडकीशी बसल्या. मांडीवर केळ्यांची पिशवी आणि तिच्यावर बाळासाठी शिवलेलं झबलं. पाळधी, एरंडोल गेलं. पारोळ्याला गाडी थांबली, वेफर्सवाले येऊन गेले, गाडी सुटली. मग त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तुमी तवा इचारलं होतं, काबरं बदललं."

"हो."

"ते नाव माह्याजवळ होतं. आमी दोघांनी काढून ठेवलं होतं, लग्न झाल्यावर. लागलं नही." त्यांनी झबल्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मले वाटलं, नवंकोरं हाये, कोनी वापरेल नही. वसंताच्या पोराले होऊन जाईन. ठरवून नही केलं भाऊ. वाकली तं तेच तोंडात आलं. डॉक्टरनं त्याच महिन्यात सांगेल होतं आमाले."

"मंदाताईंना हे माहीत आहे?"

"तिनं दार लावलं ना," अक्का म्हणाल्या. "दाराले काय सांगायचं."

पुढे धुळ्यापर्यंत त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या. मी कान दिला. झियाना, कियांशी, रुद्विका.

वसंतरावचं घर देवपूर भागात, दुसऱ्या मजल्यावर. तो खाली फाटकाशी उभा होता. बहीणभाऊ समोरासमोर आले. "आली का?" तो म्हणाला. "आली," अक्का म्हणाल्या. त्याने त्यांच्या हातातली केळ्यांची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला. दोन जिने चढून होईपर्यंत तो एकदाही मागे वळला नाही, पण प्रत्येक वळणावर थांबत होता.

मंदाताई दारात होती. उंच, करड्या केसांची, निवृत्त शिक्षिकेची ताठ मान. "या अक्का," एवढंच म्हणाली. मला पाणी दिलं. अक्कांनी मी कोण ते सांगितलं, तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "साक्षीदार? बरं आहे. असावा."

दिवाणखान्यात पाळणा झेंडूच्या माळांनी सजवला होता. बायका सतरंजीवर दाटीने बसल्या होत्या, लहान मुलं मध्येमध्ये. पुरुष मागे, भिंतीला टेकून. ज्यांना जुनी हकिकत माहीत होती त्या बायका कुठल्या ते ओळखता येत होतं. त्या अक्कांकडे बघत होत्या. इतर पाळण्याकडे बघत होत्या. पाळणागीत झालं. खालच्या मजल्यावरची एक म्हातारी अहिराणीत म्हणाली, "आत्या कोठे शे वं? ये ना माय पुढे, पोर उपाशी शे."

अक्का पुढे गेल्या. मंदाताई त्यांच्या शेजारी उभी राहिली, वाकली आणि त्यांच्या कानात एक शब्द म्हणाली. मला तो ऐकू आला नाही. मला मंदाताईचा चेहरा दिसत होता. नाव सांगताना तिच्या नाकाच्या बाजूला एक सुरकुती पडली आणि उजवी भुवई वर गेली.

अक्कांनी ते पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्या पाळण्यावर वाकल्या. "कुर्र..." म्हणाल्या आणि बाळाच्या कानाशी तोंड नेलं. मग थांबल्या. भिंतीपाशी वसंतराव पायाकडे बघत होता. योगेशने बायकोचा हात धरला होता.

अक्का सरळ झाल्या आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "शिवन्या!"

"ओ!" मागच्या रांगेतून एका बाईच्या मांडीवरची मुलगी म्हणाली.

"काय?" दारात फुगा घेऊन उभी असलेली दुसरी म्हणाली.

बाळाच्या आईने तोंडावर हात ठेवला. "शेजारची शिवन्या," ती म्हणाली, "आणि ती खालच्यांची. पण मला हेच आवडलं होतं."

मंदाताईने एकाच इमारतीतल्या त्या दोन मुलींकडे बघितलं, पाळण्यातल्या तिसरीकडे बघितलं, मग अक्कांकडे. "मी सांगून बघितलं हो," ती हळूच म्हणाली. "महिनाभर चांगली चांगली नावं काढून दिली. माझं ऐकतं कोण?"

"मंदा," अक्का तितक्याच हळू म्हणाल्या, "तुझं तवा मीबी नही ऐकलं."

मंदाताई आधी हसली. तो हसण्याचा आवाज घरच्यांच्याही ओळखीचा नसावा, कारण वसंतरावने दचकून वर बघितलं. मग अक्काही हसल्या, आणि कारण न कळलेल्या बायकाही हसायला लागल्या.

आमच्याकडे रीत आहे. आत्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. जितकी हक्काची आत्या तितका बुक्का जोरात. भावजयींना ही संधी आयुष्यात फार वेळा मिळत नाही, त्या ती सोडत नाहीत. पिंप्राळ्यात अक्का एवढ्या पाळण्यांवर वाकल्या, पण त्यांच्या पाठीवर बायका नुसती बोटं टेकवतात. परक्या, वयाने मोठ्या बाईला कोण मारणार? मी ते कितीदा पाहिलं होतं आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

"वाका पुन्हा," मंदाताई म्हणाली. "अजून झालं नाही."

अक्का पाळण्यावर वाकल्या. मंदाताईने बांगड्या मागे सारल्या आणि त्यांच्या पाठीत असा बुक्का घातला की पाळण्याच्या कड्या वाजल्या.

"हा शिवन्याचा," ती म्हणाली. मग दुसरा घातला. तो पहिल्यापेक्षा जोरात होता. "आणि हा योगेशच्या बारशाचा. राहून गेला होता."

योगेशने मान वर केली. आईच्या तोंडून त्याने ते नाव कधी ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. अक्का लगेच सरळ झाल्या नाहीत. मंदाताईनेही हात उचलला नाही, तो त्यांच्या पाठीवर तसाच ठेवला.

मग घुगऱ्या वाटल्या. मग वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. पुरुषांच्या पंगतीत मी बसलो होतो. समोर अक्का बाळाला मांडीवर घेऊन खुर्चीवर होत्या, पाठ न टेकवता, ताठ. मंदाताई वाढत होती आणि अक्का आज परत जाणार नाहीत असं, त्यांना न विचारता, माझ्यासमोर जाहीर करत होती.

मी जेवून उठलो तेव्हा अक्कांपाशी गेलो. "साक्ष द्यायची गरज पडली नाही," मी म्हटलं. "फार लागलं का?"

"हाव," अक्का म्हणाल्या. "दुखू राह्यलं."

त्या थोड्या पुढे सरकल्या, खुर्चीच्या पाठीपासून आणखी लांब, आणि झबल्याची नाडी बांधता बांधता म्हणाल्या, "मंदाचा हात पहिल्यापासून जड हाये."